बांधावरचे बारा माड आणि बजरंगचं वावर

मी बब्रुवान नरहरी घोटकर, वय ७३, राहणार तामलवाडी, ता. तुळजापूर, शिक्षण आठवी, एसटीचा निवृत्त चालक. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, कोणाच्या दाबाखाली न येता लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांना दोनदा विचारून खात्री केली.

१. राहतं घर पत्नी कडूबाईच्या हयातीपर्यंत तिचं, नंतर मुलगा उत्कर्षचं. गॅस झोपण्याआधी बंद करावा.

२. लोखंडी पेटीत माझा खाकी गणवेश आणि शिंपल्या आहेत. फेकू नयेत. चोवीस वर्षं मी दापोली आगारात होतो, हर्णैची गाडी माझ्याकडे. तांबडी माती, जांभ्याची घरं. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव सुटला की कोळणी टोपल्या टपावर चढवायच्या आणि काचेवरून पाणी गळायचं. वैशाखात आंब्याच्या पेट्या, भादव्यात गणपतीला आलेली मुंबईची माणसं. भरतीला खाडीचं पाणी भाताच्या खाचरांत शिरू नये म्हणून तिथले लोक बांध घालायचे. मिठाने जमीन जाते, हे मी रोज बघत होतो. तरी शिकलो नाही.

३. निवृत्त झालो तेव्हा दापोलीतल्या घरमालकीण चंद्राकाकूंनी नारळाची बारा रोपं दिली. "ड्रायव्हर, मुळाशी मूठभर खडेमीठ घाला हो, नायतर माड रुसतो." ती मी सामाईक बांधावर लावली. इथं समुद्र लांब, मूठभर कसं पुरेल, या काळजीने दर साली प्रत्येक माडाला घमेलंभर घातलं. तिथलं मीठ पावसात वाहून जातं, आपली काळी माती ते धरून ठेवते, हे नंतर कळलं. बांधापलीकडे धाकटा भाऊ बजरंगचं वावर. त्याच्या पाच ओळी ज्वारी उगवेना, माती पांढरी पडली. तो म्हणाला, "दादा, तुमी समिंदर आणला माझ्या वावरात." मी बियाण्याला दोष दिला. तेव्हापासून सहा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. चूक माझी होती, हे इथं लिहून देतो.

४. याची भरपाई म्हणून विहिरीजवळची माझी वीस गुंठे जमीन बजरंगला द्यावी. (हे कलम खोडलं आहे.)

ते का खोडलं, हे लिहिणं भाग आहे. ज्याला जमीन मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी सांगितलं होतं. म्हणून आज साक्षीला बजरंगला बोलावलं नव्हतं. तो आपणहून आला.

उत्कर्ष म्हणाला, "काका, तुमच्या नावानं वीस गुंठे हायत. सही नका करू."

"सख्खा भाऊ जित्ता असताना परका सही करणार व्हय? दादा, खोडा ते."

"आरं, तुझं नुकसान?"

"ते लई जुनं झालं. पेन द्या इकडं."

पेन त्याला देण्याआधी मी घाईत खोडलं, म्हणून रेघ वाकडी आहे. कोणी शंका घेऊ नये.

५. विहिरीजवळची धरून सगळी जमीन उत्कर्षची. पण माझ्या जिवाला चैन नाही. उत्कर्षने दर उन्हाळ्यात तलावातला गाळ आणून बजरंगच्या वावरात बांधालगत टाकावा, पाचही ओळींना कणसं येईपर्यंत. उत्कर्षने विचारलं, "किती ट्रॉल्या?" बजरंग म्हणाला, "तुझ्या बापाला नगं इचारू, जास्तच सांगतील." म्हणून आकडा लिहिलेला नाही.

वाचून दाखवलं, सगळ्यांनी ऐकलं, मग सही केली.

सही: बब्रुवान नरहरी घोटकर

साक्षीदार:
१) महांतप्पा गुरुसिद्धप्पा कोरे, शेजारी
२) बजरंग नरहरी घोटकर, सख्खा भाऊ

तामलवाडी, १२ जानेवारी २०२५