निवडून दिलेला खोत

अब्बा, माझा नातू अमेरिकेत शिकतो. काल त्याचा फोन आला होता. कुठल्याशा शेतीवाडीच्या काउंटीत राहतो तो. तिथल्या सभेत कुणीही उठून बोलतं आणि पंचांना ऐकून घ्यावंच लागतं, असं मोठ्या कौतुकानं सांगत होता. "एनीबडी, नानी!" मी फोन ठेवला आणि ओढणी तोंडाला लावून रडत बसले. हीच गोष्ट मी लहानपणी कुवेतात, फहाहीलच्या आपल्या खोलीत ऐकली होती आणि तिनं आपलं घर बुडवलं, हे त्या पोराला कसं सांगू?

कुवेत अजून इंग्रजांच्या छायेत होता तेव्हाची गोष्ट. तुम्ही तेल कंपनीतल्या अमेरिकन साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होतात. साहेब गप्पिष्ट, मनानं वाईट नाही. तुम्ही भांडी पुसत असलात की स्टूल ओढून बसायचा आणि आपल्या मुलखाचं सांगायचा. तुम्ही ते ताजं ताजं घरी आणायचात. मला अजून दिसतं, आई सुरमई कापतेय आणि तुम्ही उंबऱ्यात बसून पायांची वाळू झाडताय. तिकडं म्हणे रान तोडून वस्ती झाली, तेव्हा काउंटीची, म्हणजे त्यांच्या तालुक्याची, कचेरी कुठं असावी यावरून दोन गावं हातघाईवर आली. शेवटी एका गावानं दुसऱ्याची दप्तरं, कपाटं, न्यायाधीशाची खुर्चीसुद्धा बैलगाड्यांत घालून पळवली, आणि कचेरी त्या पळवणाऱ्या गावातच राहिली. आता सगळा कारभार तीन शेतकरी बघतात, रस्ते, पूल, तुरुंग, बेवारशाची माती, सगळं. साहेबाचा बाप त्यातला एक. "अगो, तिकडं खोतालाच लोक निवडून देतात! नीट नाय वागला तर पुढल्या खेपेस घरी बसवतात." गावची जमीन आणि माणसं ज्याच्या मुठीत, तो आपला खोत. त्याच्याकडं वेठीला राबलेल्या बापाचे तुम्ही पोर. तुम्हाला ही गोष्ट सांगताना धाप लागायची. आई हसायची. "मग आपल्या खोताला तिकडं कुणी दारात तरी उभं केलं असतं काय?"

त्या उन्हाळ्यात आई गरोदर होती. तिचे पाय सुजले, डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची. दाईनं तुम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, "हिचं बाळंतपण इथं नको. शहरात मोठ्या इस्पितळात न्या, आणि लवकर न्या." शहर लांब. आपल्या वस्तीतून जायची ती मासळीची लॉरी, तीही तिच्या मर्जीनं. साहेबाच्या दारात मात्र मोटार उभी. मेमसाहेबला स्वयंपाकघरात नुसतं सांगितलं असतंत, तर तिनं उभ्या उभ्या ड्रायव्हरला हाक मारली असती. तुम्हाला हे ठाऊक होतं, अब्बा! पण नेमकी त्याच दुपारी साहेबलोकांच्या वसाहतीच्या कमिटीची सभा साहेबाच्या दिवाणखान्यात भरली होती. बागांचं पाणी, क्लबची रंगरंगोटी, असले विषय. चहा देऊन झाल्यावर तुम्ही ट्रे खाली ठेवलात आणि त्या काउंटीतल्या एखाद्या शेतकऱ्यासारखे सगळ्यांसमोर बोलायला उभे राहिलात.

घरी आलात ते चेहरा उजळून. "बोललो! सगळ्यांनी ऐकलं. साहेबानं स्वतः लिहून घेतलं. नोकरमाणसांच्या बायकापोरांना शहरात न्यायला कायमची गाडी हवी. पुढल्या सभेत ठराव येणार." आई ओलं फडकं कपाळावर धरून पडली होती.

"माझं सांगितलंत ना?"

"सगळ्यांचं सांगितलं. एकट्याचं मागितलं तर ती भीक, गो. सगळ्यांचं मागितलं तर तो हक्क."

आईनं कूस बदलली. एका बाईला आजच्या आज न्यायचंय, हे तुम्ही त्या सभेत बोललाच नाहीत. का, अब्बा? एक वाक्य जास्त झालं असतं का? साहेब काही तुमचा खोत नव्हता, मग त्याच्यापुढं एकदा हात पसरले असते तर काय बिघडलं असतं? किती वर्षं मी हेच विचारतेय.

पुढल्या सभेच्या आधीच एका दुपारी आईला झटके आले. मासळीच्या लॉरीत ओल्या गोणपाटांवर तिला निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शहर दिसायच्या आतच ती गेली, पोटातल्या बाळासकट. साहेब हादरून गेला. मला का नाही सांगितलंस, असं तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मग सभा झाली. ठराव एकमतानं मंजूर झाला. ते सांगायला साहेब आपल्या खोलीपर्यंत चालत आला, टोपी हातात धरून. तुम्ही त्याला "थँक्यू, सर" म्हणालात. त्या थँक्यूसाठी मी तुमच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते.

गाडी सुरू झाली. वस्तीतल्या बाया तिच्यातून इस्पितळात जायच्या आणि बाळं घेऊन परत यायच्या. "तुझ्या बापाची पुण्याई गो," म्हणत माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या. तुम्ही चुकला नाहीत, असंच मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले. नातवाचा फोन आला की त्यालाही तेच सांगेन. हे पत्र मात्र कुणाच्या हाती लागायला नको, फाडूनच टाकीन. कारण त्या गाडीतून हसत उतरलेली एकही बाई मला कधी बघवली नाही, अब्बा. मला त्या सगळ्या नको होत्या. मला माझी एकटी आई हवी होती.