कप्तानास कप्तान

१० डिसेंबर १८६२. कोल्डस्प्रिंग स्टेशन, मिसिसिपी.

उत्तरसेनेचे रसदाधिपती, चौदा सहस्र बिस्किटपेट्यांचे प्रतिपालक, शुष्कतृणाच्या सप्तपर्वतांचे स्वामी, खारवलेल्या वराहमांसाचे संरक्षक कप्तान लेम्युएल हॉचकिस यांचे आज मालगाडीतून शुभागमन झाले. स्वागतास सार्जंट किलकलन व एक खेचर उपस्थित होते. पैकी खेचर अधिक विनयशील होते. निवासस्थान रम्य आहे. केवळ दारास कडी नाही. कडीचे मागणीपत्र तीन प्रतींत रवाना केले.

१२ डिसेंबर.

गतमासीचा वृत्तांत किलकलनकडून कळला. बंडखोरांचे घोडदळ आमच्याच सेनेचे चोरलेले निळे कोट घालून रसद जाळण्यास आले. त्यांचे नऊ शिपाई व कप्तान टॉलिव्हर सापडले. प्रघातानुसार दहाही जणांनी वचनचिठ्ठीवर सही केली: समान हुद्द्याच्या कैद्याशी मोबदला होईपर्यंत शस्त्र धरणार नाही. अशांस घरी सोडायचे असते. पण या ठाण्याचा प्रमुख कर्नल स्प्रॅगने त्यांना कुंपणापाशी उभे करून गोळ्या घातल्या. त्याने त्या रात्री पहारा नेमलाच नव्हता, हे त्यांनी पाहिले होते ना; सुटून बोलले असते!

मी जाब विचारला. म्हणाला, "कप्तानसाहेब, तुम्ही आपली बिस्किटं सांभाळा."

नराधम! हा शब्द मी दोनदा अधोरेखित करीत आहे.

१५ डिसेंबर.

भरदुपारी दहा स्वार फाटकातून आत आले. अंगावर निळे कोट, म्हणून कोणी हटकले नाही. टापांचा आवाज नव्हता. प्रत्येक कोटास छातीवर छिद्र होते.

ते गेल्यावर शिपाई पीबडी सापडेना. कुंपणावर जुनी वचनचिठ्ठी खोचलेली होती. तीवर ओल्या शाईने: मोबदला पावला.

१८ डिसेंबर.

नऊ चिठ्ठ्या. नऊ शिपाई. किलकलन हुद्द्यामुळे वाचला. म्हणाला, "साहेब, शिपायाला शिपाई झाला. आता त्यांचा कप्तान उरलाय. अन् इथं कप्तान तुम्ही एकटेच."

कर्नलास मोबदला नाही! त्यांच्यात कर्नल मेलाच नव्हता. पाप त्याचे, हिशेबात मी! मला सार्जंट करा, म्हणून त्याच्यापुढे हात जोडले. तो हसला आणि मेम्फिसच्या गाडीत बसला. अर्ज तीन प्रतींत करा म्हणाला — नीच — शतशः नीच —

२० डिसेंबर. दुपार.

किलकलनला खेचरावर बसवून पिटाळले. तो तरी —

खिडकीशी निळा कोट. घोडा काचेवर श्वास सोडतो आहे. काचेवर वाफ नाही. दाराशी टेबल लावले. टेबल सरकते आहे —

सकाळच्या गाडीने कडीची पेटी आली होती. आत्ता फोडली. आत बिजागऱ्या! बारा बिजागऱ्या! मी तिन्ही प्रतींत सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, क—