धरण्याचं काम

४ जून
चि. छोटीस,
अ. उ. आ.

लेक कॉलेज संपवून घरात बसलीय आणि दिवसभर गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालते, म्हणून तू कपाळाला हात लावलास. अगं, मग तिला पाठव की माझ्याकडे! आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात टेक्निशियनची जागा निघालीय. तीन महिने शिकायचं, मग परीक्षा, मग दोघांतल्या एकाला नोकरी. शिकवणार मी. परीक्षेला डॉक्टर आणि मी.

काम काय, विचारशील. जनावर धरणं, वजन करणं, रक्त काढणं, भूल उतरेपर्यंत शेजारी बसणं. टोचायला कुणालाही शिकवता येतं. धरायला शिकायला मात्र वेळ लागतो.

माझी मागची खोली रिकामीच आहे. इस्त्रीचे कपडे तिथे ठेवते, तेवढंच आत जायला निमित्त. मुलीचं भलं व्हावं म्हणून म्हणते हो. माझं काय, माझं छान चाललंय.

पोरीला पापा. लिहायचा आळस करू नकोस.
तुझी ताई

१२ जून
ती. ताईस,
शि. सा. न.

पाठवते, पाठवते! ह्यांनी आधी नाक मुरडलं, शिकलेल्या मुलीने मांजरांची घाण काढायची का म्हणून. मी म्हटलं, इथे बसून तरी कुठे दिवे लावतेय? मग तिकीट काढायला तेच गेले.

तिला सकाळी हाका मारून मारून घसा बसतो, आधीच सांगून ठेवते. आणि तुझा धाक मला ठाऊक आहे. माझी वेणी घालताना डोकं असं पकडायचीस की डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या पोरीला तेवढं सांभाळून घे बाई.

आमच्यावर माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी छोटी

२० जुलै
चि. छोटीस,
अ. उ. आ.

लेक मजेत आहे. दाराशी दुसरी चप्पल दिसली की मला उगीचच बरं वाटतं. काल आम्ही दोघी कशावरून तरी खिदळत होतो, तर खालचे काका वर आले, काही झालं का विचारायला. इतक्या वर्षांत माझ्या घरातून त्यांनी आवाजच ऐकला नव्हता ना!

आता एक सांगते, घाबरू नकोस. पोरीला प्राण्यांचा लळा आहे, पण त्यांची भीतीही वाटते. मांजराला जितकं कमी धरावं तितकं ते शांत बसतं. ही नेमकं उलटं करते. ते हललं की ही आवळते, हिने आवळलं की ते बोचकारतं. मी घरी उशी देऊन सराव करून घेते. दवाखान्यात तिचा नंबर आला की मीच पुढे होते आणि डॉक्टरांना सांगते, हिनेच धरलं.

दुसरा उमेदवार आधी सलूनमध्ये होता. वळवळणाऱ्या पोरांची डोकी दोन बोटांनी स्थिर ठेवायची त्याला सवय. त्याच्या हातात कुत्री जांभया देतात. मेल्याचा मला इतका राग येतो!

हिची काळजी नको. मी आहे.
तुझी ताई

२ सप्टेंबर
ती. ताईस,
शि. सा. न.

परीक्षा जवळ आली. ह्यांनी तर सगळीकडे सांगून टाकलंय, मुलगी लागलीच म्हणून. आता तोंडघशी पाडू नकोस. सगळं तुझ्याच हातात आहे ना गं?

आणि तुलाही तिची सोबत झालीय. तू बोलत नाहीस, पण आधी तुझी पत्रं अर्ध्या पानाची यायची, मला काय कळत नाही? तिला ठेवून घे, ताई.

तुझ्याच भरवशावर असलेली,
छोटी

१२ सप्टेंबर
चि. छोटीस,
अ. उ. आ.

नोकरी त्या सलूनवाल्याला दिली. डॉक्टरांनी नव्हे, मी दिली.

परीक्षेला ससा होता. सशाच्या मागच्या पायांना खालून आधार द्यावाच लागतो. घाबरून त्याने लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडतो. हे मी हिला कितीदा सांगितलं होतं. हिने त्याची छाती आवळली, पाय लोंबते ठेवले, आणि त्याने लाथ झाडली. मी झडप घालून खाली हात दिला म्हणून वाचला.

डॉक्टर पाठमोरे सिरिंज भरत होते. वळले आणि म्हणाले, धरलं का नीट हिने? नुसतं हो म्हणायचं होतं, छोटी. अगदी ओठांवर आलं होतं. हो म्हटलं असतं तर पोरगी कायमची माझ्याकडे राहिली असती. पण उद्या मी शेजारी नसताना काय होईल? मी नाही म्हटलं.

घरी येऊन तिने बॅग भरली, पाया पडली आणि निघाली. शिव्या दे, पण पत्रात दे.
तुझी ताई

१५ ऑक्टोबर
चि. छोटीस,
अ. उ. आ.

शिव्यासुद्धा नाहीत? निदान पोरगी कशी आहे, एवढं तरी कळव. इथे सगळं ठीक आहे. म्हणजे नाही.
तुझी ताई

३० ऑक्टोबर
ती. मावशीस,
शि. सा. न.

आई अजून फुगलेली आहे, पण पोस्टमन दिसला की आधी तीच उठते. तिचं मनावर घेऊ नकोस.

मावशी, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं की हे आपलं काम नाही. गल्लीतल्या कुत्र्याला लांबून घास टाकणं वेगळं. रोज वाटायचं, आज सांगून टाकू. पण तू जिन्यातूनच मला हाक मारत वर यायचीस, मग माझी जीभ उचलायची नाही. तू हो म्हणाली असतीस तर मी राहिले असते, आणि एक दिवस माझ्या हातून एखादं जनावर गेलं असतं. तू नाही म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तुझ्याकडे बघवेना, म्हणून न बोलता निघाले.

आता इथे कापडाच्या दुकानात लागलेय. सुट्टी लवकर मिळायची नाही. एक विचारू? मध्ये ती नोकरी कशाला आणलीस गं? तुझ्याकडे राहायला मी तशीही आले असते.

रागावली नसशील अशी आशा आहे.
तुझीच

७ नोव्हेंबर
चि. पोरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. सलूनवाला काम चांगलं करतो. मला मात्र घरी यावंसं वाटत नाही. फार एकटं वाटतं गं. हे मी आजवर कुणाला लिहिलं नव्हतं, तुझ्या आईलाही नाही.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. काम काही नाही.

तुझी मावशी