डावीकडे वळताना

४ मार्च, सोमवार

आला एकदाचा! ट्रेलर दारात उभा आहे. आत खुर्ची, अक्षरांचा तक्ता, डोळे तपासायचं यंत्र, काचांची पेटी — सगळं जागच्या जागी. चौदा वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांना ‘आता बरं दिसतंय की मघाशी?’ असं विचारत काढली. आता दुकानच माझ्या जीपमागे चाकांवर येणार. आरोग्य खात्याने तीन महिने चाचणीसाठी दिलाय. पंधरा तारखेला टेकडीवरच्या गालिच्यांच्या कारखान्यात पहिलं शिबिर. साठ बायका! त्याआधी तेराला तपासनीस येऊन ट्रेलर रस्त्यावर न्यायच्या लायकीचा आहे का ते बघणार. नाही म्हणाले तर ट्रेलर परत, आणि मी पुन्हा काउंटरमागे.

सासरेबुवांनी दोन दिवस जीपच्या मागे पालथं पडून ट्रेलरसाठी सॉकेट बसवलं. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. वायर दिसली की वय विसरतो. ट्रेलर बघून म्हणाले, “पांढरा म्हणाली होतीस ना? हा तर पिवळट आहे.” चांगला पांढराशुभ्र आहे! पण कशाला तरी नाव ठेवल्याशिवाय बाबांचा चहा गळ्याखाली उतरत नाही.

संध्याकाळी जोडला. दिवे लावले. जीपचे ठीक. ट्रेलरचे मागचे दिवे मिणमिण, आणि डावा सिग्नल — मी लावलेलाच नाही! — आपला आपण पेटून बसलेला. म्हटलं, आता लावून बघू. फट्! सगळे सिग्नल गेले, जीपचेसुद्धा. फ्यूज उडाला.

“नवीन आहे, बुजलाय,” बाबा म्हणाले. ट्रेलर बुजतो? बैल आहे का तो!

५ मार्च, मंगळवार

फ्यूज बदलला. ट्रेलर सोडवला — सगळं झकास. जोडला, डावा सिग्नल दिला — फट्. उजवा चालतो, पण तापातून उठल्यासारखा.

“दोष ट्रेलरमध्येच आहे,” बाबा म्हणाले. “जीपचं मी केलंय.”

‘मी केलंय’ हा आमच्या घरात पुरावा असतो.

६ मार्च, बुधवार

आणखी दोन फ्यूज शहीद.

७ मार्च, गुरुवार

नवऱ्याला फोन केला. तो लांब धरणाच्या कामावर, महिन्याकाठी चार दिवस घरी. त्याला गाडीतलं इतकंच कळतं की ती पुढे जाते. तरी ऐटीत विचारतो, “बल्ब बघितलेस?” बघितले. एक काळा पडला होता, बदलला. काहीही फरक नाही.

मग गॅरेजवाल्याला फोन. “आमचा वायरमन पंचवीस तारखेला मोकळा होईल, ताई.” पंचवीस! म्हटलं, माझं शिबिर पंधराला आहे. तर म्हणे, “मग अर्थिंग बघून घ्या. ट्रेलरच्या शंभर तक्रारींतल्या नव्वद अर्थिंगच्या.” आणि फोन ठेवला. एवढं फुकट सांगितलं हेही खूप.

८ मार्च, शुक्रवार

अर्थिंग बघितलं. म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याला जिथे वायर स्क्रूने पकडलीय ती जागा. गंज होता. पॉलिश पेपरने घासघासून आरशासारखी केली. प्लगच्या सातही पिना चमकवल्या. नखांत काळं गेलंय ते निघत नाही; दुपारी दुकानात एक आजी म्हणाल्या, “डोळ्याला लावायच्या आधी हात धू ग बाई.” दोनदा धुतले होते हो!

संध्याकाळी जोडला. फट्.

बाबा खुर्चीत बसून विजयी मुद्रेने: “सांगितलं होतं, ट्रेलरच खराब दिलाय तुला.” इतका राग आला! पण काय बोलणार? दोन दिवस त्यांनी पोटावर पडून काम केलंय. माझ्यासाठी.

९ मार्च, शनिवार



चाकांत हवा भरायची होती म्हणून ट्रेलर घेऊन पेट्रोल पंपावर गेले. डावा सिग्नल द्यायचाच नाही असं ठरवून. गावभर फक्त उजवीकडे वळत! पाच मिनिटांच्या रस्त्याला पंचवीस मिनिटं. स्वतःशीच हसत होते. येताना उतारावर एक म्हातारा आडवा आला, मी ब्रेक मारला. मागून ब्रेकचा कर्कश आवाज. आरशात ट्रकचा नुसता चेहरा. ट्रेलरला टेकायला वीतभर राहिला होता.

ड्रायव्हर उतरला. मला वाटलं आता शिव्या. पण त्याचाही रंग उडाला होता. “बाई, मागचे दिवे लागलेच नाहीत. ब्रेक मारताना निदान ओरडायचं तरी!”

मी म्हटलं, “चुकलं माझं.” खरंच चुकलं. साठ जणींच्या डोळ्यांची काळजी करायला निघालेय, आणि मागच्याला मी दिसतच नाही.

घरी सांगितलं नाही. सोमवारी खात्याला फोन करून ट्रेलर घेऊन जा म्हणावं का?

१० मार्च, रविवार

फोनचा विचार अजून पक्का नाही. एक शेवटचा प्रयत्न म्हणून सकाळी चहा झाल्या झाल्या कागद घेऊन बसले — ट्रेलरबरोबर आलेला, कुठल्या नंबरच्या भोकात काय ते दाखवणारा. आजवर आम्ही ट्रेलरच खोलत होतो. जीपच्या सॉकेटला हात लावायची माझी हिंमत नव्हती. ते ‘मी केलंय’ होतं ना.

बाबा अंघोळीला गेल्यावर त्यांचा टेस्ट लॅम्प, करंट मिळाला की पेटणारा, उचलला. एक टोक जीपच्या पत्र्याला, दुसरं भोकात. जीपचा डावा सिग्नल चालू करून ठेवला. एक नंबर, म्हणजे डावा सिग्नल — अंधार. दोन — अंधार. तीन नंबर अर्थिंगचा, तिथे तर काहीच लागता कामा नये. आणि तिथे दिवा उचकी लागल्यासारखा लुकलुकतोय!

झाकण उघडलं. तीनमध्ये पिवळी वायर, एकमध्ये पांढरी. अदलाबदल. एवढंच! सगळ्या दिव्यांचा करंट ज्या वाटेने परत जायचा, तिथेच डाव्या सिग्नलचा करंट सोडलेला. दुसरं काय होणार?

तेवढ्यात बाबा आले, टॉवेल खांद्यावर. “काय उघडलंस?” मी म्हटलं, “वायर उलटसुलट झालीय बहुतेक.” झालं! “चाळीस वर्षं वायरी जोडल्यात मी! पांढरी तीनमध्ये, पिवळी एकमध्ये. दहादा बघून लावलीय!” आणि खाली वाकून, बोट ठेवून दाखवलं, “ही काय पांढरी!”

बोट पिवळीवर होतं.

 बाबा ठामपणे बघत होते, आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. दोन्ही बाहुल्यांच्या मागे दुधाळ पडदा. मला, चौदा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला, तो ट्रेलरच्या वायरीने दाखवावा लागला! रोज समोरासमोर बसून जेवतो आम्ही. ‘मला दिसतंय चांगलं’ म्हणाले, मी मान्य केलं. दुकानात असं कुणी म्हटलं तर मी मान्य करते का?

“बाबा,” म्हटलं, “शिबिराआधी मला यंत्र एकदा चालवून बघायचंय. पेशंट हवाय.”

“मी पेशंट नाही.”

“मग मॉडेल व्हा.”

त्यावर आले. ट्रेलरच्या खुर्चीत ताठ बसले. वरच्या तीन ओळी वाचल्या. चौथीला थांबले. “ही छापलीच नाहीये.” मी म्हटलं, “छापलीय.” डोळे बारीक करून पुढे वाकले. मग हळूच, “खालीही आहेत का अजून?”

“चार आहेत.”

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पिकत आलेला. पांढरं-पिवळं एकच दिसतं, निळं काळं दिसतं. काढता येतो, अर्ध्या तासाचं काम — हे मी दिवसातून पाच जणांना सांगते. आज सांगताना मीच डोळे पुसत होते. तेच म्हणाले, “अगं, रडतेस काय? ट्रेलर चांगला आहे म्हणजे!”

११ मार्च, सोमवार

वायरी त्यांनीच बदलल्या. मी शेजारी बसून फक्त रंग सांगत होते, “ही पांढरी. ही पिवळी.” बोटं अजून कसली पक्की आहेत! स्क्रू बघत नाहीत, चाचपतात. दहा मिनिटांत झालं.

डावा सिग्नल दिला. टिक-टिक, टिक-टिक. इतका गोड आवाज मी या वर्षात ऐकला नव्हता!

१३ मार्च, बुधवार

तपासनीस आले. “डावा. उजवा. ब्रेक. मागे घ्या.” मी आत, बाबा बाहेर त्यांच्या शेजारी हाताची घडी घालून, जणू तेच तपासनीस. पास! “वायरिंग कुणी केलं?” बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्यांच्याकडे. तपासनीसांनी वैतागून दोघांची नावं लिहून घेतली.

१५ मार्च, शुक्रवार

साठ म्हणता म्हणता एकाहत्तर बायका तपासल्या. एकीला चष्मा घातल्यावर स्वतःनेच विणलेल्या गालिच्यातली चूक दिसली आणि ती पोट धरधरून हसली. पाय दुखतायत. खूश आहे. वाटेत एकोणीस वेळा डावीकडे वळले, मोजून! त्यातली चार वळणं उगीचच घेतली.

२७ मार्च, बुधवार

बाबांचा उजवा डोळा झाला. डॉक्टरीणबाईंना विचारत होते, आत वायर कुठल्या रंगाची घातली. नवरा रजा काढून आलाय, घरात लुडबुडतोय. डावा डोळा पुढच्या महिन्यात.

२९ मार्च, शुक्रवार

काल पट्टी निघाली. आज सकाळी बाबांनी स्वयंपाकघरातल्या स्विचबोर्डाचं झाकण काढलं, गेल्या वर्षी त्यांनीच जोडलेल्या. बराच वेळ आत बघत राहिले. मग जाऊन घराचा मेन स्विच पाडला.

“सूनबाई, गेल्या दोन वर्षांत मी कुणाकुणाच्या घरी वायरी जोडून दिल्यात, आठवायला लाग. आणि जीप काढ.”