दोन राजीनामे

अण्णा, आज आमच्या प्राचार्यांनी टेबलावरून एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, राज़ीनामा कर लीजिए, बात यहीं ख़तम." जन्म भोपाळचा, पण धसका बसला की कान तुमच्या मराठीतच ऐकतात. वाटलं, गेली नोकरी. वाचलं तेव्हा कळलं, हा हिंदीतला राज़ीनामा, दोन्ही पक्ष राजी झाल्याचा कागद. पालक तक्रार मागे घेणार आणि मी वर्गात चालू घडामोडींवर चर्चा घेणार नाही. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मग म्हणाला असता, कर सही.

झालं असं, की बाग सेवनियाजवळची एक वस्ती अतिक्रमण म्हणून पाडली. माझ्या नववीतली एक मुलगी तिथली. तीन दिवसांनी वर्गात आली ती घरच्या कपड्यांत, गणवेश ढिगाऱ्यात गेलेला. नागरिकशास्त्राचा तास, धडा हक्कांचा. मागून एकजण म्हणाली, "सरकारी ज़मीन थी, टूटनी ही थी." तिचे वडील पाडणाऱ्या खात्यातच आहेत. मला पुढचं पान वाचता आलं असतं. मी पुस्तक मिटलं, दोघींना उभं केलं आणि माझी नेहमीची अट घातली: आधी समोरचीचं म्हणणं असं मांडायचं की ती "हाँ, यही" म्हणेल, मग आपलं. घर गेलेली म्हणाली, "इसके पापा को ऊपर से ऑर्डर आता है. ना करें तो नौकरी जाए." मग दुसरी म्हणाली, "इन लोगों को सामान निकालने का टाइम नहीं मिला." घर गेलेली हळूच बोलली, "हाँ, यही." बस, एवढंच. पण त्या पोरीने घरी जाऊन विचारलं, "पापा, टाइम क्यों नहीं दिया?" दुसऱ्या दिवशी तक्रार आली, मॅडम मुलीला बापाविरुद्ध भडकवतात.

मला त्या बापाचा राग आला नाही, कारण तो मला तुमच्यासारखाच वाटला. मी दहावीत होते. आपल्या टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तुमचे साहेब जेवायला आले होते आणि मी ताटावरच त्यांना विचारलं, तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या काकांची बदली का केली? तुम्ही मला स्वयंपाकघरात नेता, हातात श्रीखंडाचं पातेलं, आवाज दबलेला. "आपण इथे नोकरीला आलोय, मतं द्यायला नाही." आणि बाहेर जाऊन साहेबांना हसत हसत आग्रह करता. पुढे कित्येक वर्षं मी तुमच्यावर चिडून होते. आता कळतं, घरात चार तोंडं होती आणि पगार एक. कळतं, पण पटत नाही, अण्णा. ती पोरगी फाटक्या चपलांत वर्गात बसलेली असताना मी हक्कांच्या व्याख्या लिहून द्यायच्या, म्हणजे तो मराठीतलाच राजीनामा झाला. फक्त पगार चालू राहतो.

मी प्राचार्यांना सांगितलं, "सर, साइन नहीं करूँगी. शुक्रवार को बच्ची के पापा को बुलाइए, आप भी पीछे बैठिए. चर्चा होगी." त्यांनी आठवण करून दिली, की माझा करार दर मार्चला नवा होतो. मी म्हटलं, माहीत आहे.

शुक्रवारी मी वर्ग घेणार, त्यात बदल नाही. पण तो कागद फाडायचा धीर झालेला नाही. नीट घडी करून पर्समध्ये ठेवलाय, आणि हे तुमच्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.