ब्रिगेडियर हा कर्मचारी आहे

३ मे, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण एकच, पुरावा. गेल्या वर्षी केरिनने माझ्या रिटर्नमधली ब्रिगेडियरची ओळ लाल पेनाने उडवली. केरिन म्हणजे माझी सख्खी पुतणी, बेकरीच्या माडीवर टॅक्स एजंटचं ऑफिस थाटून बसलेली. लहानपणी मी तिला खांद्यावर बसवून फुटबॉलच्या मॅचला न्यायचो. आणि आता ती मला म्हणते, "काका, हा कुत्रा पाळीव आहे. पाळीव प्राण्याचा खर्च धंद्यात धरत नाहीत."

माझं पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. शेडमध्ये तांब्याचे पाइप असतात. ब्रिगेडियर त्यांची राखण करतो, म्हणजे तो कर्मचारी. त्याचं खाणं हा त्याचा पगार. त्याने पंपाचा वायसर गिळला तेव्हाचं ऑपरेशन म्हणजे कामावर झालेली इजा. यात न समजण्यासारखं काय आहे?

आर्थिक वर्ष संपतं जूनअखेर. तोवर ब्रिगेडियर कामाचा कुत्रा आहे हे सिद्ध करायचं. रिटर्न यंदा मी स्वतः भरणार. एजंट नको, पुतणी तर नकोच.

३ मे, दुपार
समोरची नोला फेख्नर पंपाचा पट्टा न्यायला आली होती. तिच्या मेंढ्या आहेत आणि मेंढ्या हाकायला एक केल्पी कुत्री. त्या कुत्रीचा खर्च दर वर्षी बिनबोभाट मंजूर होतो. ब्रिगेडियरला कामाला लावतोय असं मी तिला सांगितलं. तो तेव्हा गाडीखाली झोपला होता. ती म्हणाली, मग आधी उठव तरी. मी दुर्लक्ष केलं. पट्ट्याचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

९ मे
केरिनला फोन. कोणासाठी ते न सांगता सहज विचारलं, की कुत्रा पाळीव आहे हे टॅक्सवाले ओळखतात कसं. म्हणाली, घरात झोपतो, सोफ्यावर बसतो, त्याचे लाड होतात, तो पाळीव. मग विचारलंन, कोणासाठी रे? म्हटलं, एका मित्रासाठी. त्यावर तिने त्या मित्राला ब्रिगेडियरच्या डोक्यावरून हात फिरवायला सांगितला. वाह्यात मुलगी.

पण बोलली ते कामाचं. आजपासून नियम. सोफा बंद. टोस्टचा कोपरा बंद. कानामागे खाजवणं बंद. पलंग बंद. माझी बायको डॉट गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून तो तिच्या बाजूला झोपतो. लाड म्हणून नव्हे. ती बाजू रिकामी बरी दिसत नाही, एवढंच. आता झोपणं शेडमध्ये, पोत्यावर.

१० मे, पहाट
झोप लागली नाही. थंडीमुळे. यंदा हिवाळा मेमध्येच लागला. तो बराच वेळ मागचं दार ओरबाडत होता. उघडलं नाही. कर्मचाऱ्यांशी कडकच वागावं लागतं.

१८ मे
राखणीचं प्रशिक्षण सुरू. डोक्यावर गोणपाट घेऊन मी चोरासारखा शेडमध्ये शिरलो. अपेक्षा भुंकण्याची होती. त्याने गोणपाट चाटलं. मग लोखंडी कांब घेऊन खिडकीतून शिरलो. त्याने चेंडू आणून पायाशी ठेवला. दोन्ही वेळा जागा होता, हे महत्त्वाचं. प्रगती समाधानकारक.

टपाल आणणाऱ्या बाईने मला खिडकीत अर्धा आत, अर्धा बाहेर असताना पाहिलं. संध्याकाळी पबमध्ये सगळे मला विचारत होते, मर्व्ह, बँक कुठली ठरलीय? हसा लेको. जूनअखेर मी हसणार आहे.

२ जून
मोठी बातमी. ब्रिगेडियर सकाळी परत आला तो पोटापर्यंत चिखलाने माखलेला, कानात गोखरू, दमून लोळागोळा. म्हणजे रात्रभर गस्त घातली. कोणी न सांगता. शेडचं दार रात्री उघडंच ठेवतो ते याचसाठी. त्याचे तीन फोटो काढले, तारखेसकट. कानातले गोखरू काढायला हात पुढे केला होता, पण वेळीच आवरला. नियम म्हणजे नियम.

११ जून
आता तो उजाडायच्या आत बाहेर पडतो आणि दुपारी उगवतो. गस्तीचा भाग त्याने आपणहून वाढवलेला दिसतो. मी त्याला बढती दिली आहे. शिवाय खातोही निम्मंच. इतका काटकसरी नोकर आख्ख्या जिल्ह्यात नसेल.

नोला कुंपणाशी आली होती. मर्व्ह, तुझ्या कुत्र्याबद्दल बोलायचं होतं, म्हणाली. मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, हा माझ्या धंद्यातला अंतर्गत मामला आहे, सल्ला नकोय. ती परत गेली. पोटात दुखतं लोकांच्या.

२४ जून
दोन दिवस ब्रिगेडियर आलेला नाही. ओव्हरटाइम. पाऊस आहे. मी शेडपर्यंत जाऊन आलो, पाइप नीट आहेत का बघायला. मग पुन्हा गेलो. पाइप नीट होते.

टोस्ट आज दोनच भाजले. तरी एक उरला.

१ जुलै
वर्ष संपलं. पुरावा तयार: फोटो, गस्तीच्या नोंदी, बढतीचा दाखला (माझ्या सहीचा). ब्रिगेडियर काल तासभर येऊन गेला. भांड्यातलं पाणी प्यायला, मला हुंगलं, गेला. कामाचा माणूस, त्याला वेळ कुठला.

८ जुलै
केरिन आली, सफरचंदाचा केक घेऊन. मी रिटर्नचा कच्चा खर्डा तिच्यापुढे टाकला. ब्रिगेडियरच्या ओळीवर ती अडली. लाल पेन निघेल म्हणून मी कंबर कसून बसलो होतो. पण ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "काका, एकच कुत्रा दोन रिटर्नमध्ये बसत नाही."

म्हणजे काय, म्हणून विचारलं. तर म्हणे दुसऱ्या गिऱ्हाईकाबद्दल तिला बोलता येत नाही. मग जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, नोलाकडे चहाला जात जा कधीतरी. टॅक्सचा आणि चहाचा काय संबंध? हरली की विषय बदलते, अगदी बापासारखी. केक मात्र बरा होता.

१९ ऑगस्ट
रात्री शेड फुटलं. तांब्याचा एक तुकडा शिल्लक नाही. चोर दारातून आले. गोणपाट वगैरे काही घेतलं नव्हतं त्यांनी.

ब्रिगेडियर ड्यूटीवर नव्हता. काही ऐकलंस का, हे विचारायला नोलाकडे गेलो. ती मेंढ्यांच्या वाड्यात होती. एका बाजूने तिची केल्पी पळत होती. दुसऱ्या बाजूला ब्रिगेडियर. तो पळत नव्हता, भुंकतही नव्हता. नुसता आपलं अंग मेंढ्यांना टेकवून चालत होता आणि मेंढ्या निमूट फाटकातून आत जात होत्या. एवढा सडपातळ कधी झाला, कळलंच नाही.

नोला म्हणाली, जूनपासून सांगायचा प्रयत्न करतेय, तू ऐकून घेशील तर ना. पहिल्यांदा आला तो थंडीने कुडकुडत, दाराशी. तिने आत घेतला. सकाळी तो आपणहून केल्पीच्या मागे गेला. आता रोज काम करतो, म्हणून त्याचं खाणं तिने धंद्याच्या खर्चात धरलं. केरिनने ते मान्य केलं. आणि संध्याकाळी तो तिच्या सोफ्यावर झोपतो.

मी म्हटलं, कामाच्या कुत्र्याला सोफ्यावर घेत नाहीत.

"दिवसभर राबतो तो," नोला म्हणाली. "मग रात्री सोफ्यावर झोपला तर कुणाचं काय बिघडलं, मर्व्ह?"

याला माझ्याकडे चोख उत्तर होतं. घरी येईपर्यंत आठवलं नाही.

१९ ऑगस्ट, रात्री
नीट विचार केला तर जिंकलो मीच. ब्रिगेडियर कामाचा कुत्रा आहे हे मी पहिल्यापासून सांगत होतो. आता ते सरकारदरबारी नोंदलं गेलंय. चूक केरिनची होती, पबवाल्यांची होती. माझी नव्हती. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

घर फार शांत आहे.

३१ ऑक्टोबर
रिटर्न भरायची शेवटची तारीख. दुपारपर्यंत पासवर्डशी झगडलो, मग खातंच बंद पडलं. केरिनकडे गेलो. शेजारच्या खुर्चीवर बसवून तिने चहा होईपर्यंत सगळं भरून टाकलं. ब्रिगेडियरच्या ओळीपाशी थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मीच म्हटलं, काढ.

तिथून सरळ नोलाकडे. तिला सांगितलं, सगळे नियम रद्द केलेत. सोफा, टोस्ट, पलंग, सगळं खुलं. तो आता घरी येऊ शकतो. पाळीव म्हणून आला तरी माझी हरकत नाही. हे बोलायला सोपं गेलं नाही. नोला म्हणाली, मला कशाला सांगतोस, त्यालाच विचार.

तो व्हरांड्यात लोळत होता. मी फाटकाशी उभा राहून शीळ घातली. तो उठून उभा राहिला. शेपटी हलत होती. मग त्याने मान वळवून नोलाकडे पाहिलं आणि तसाच थांबला.

नोला म्हणाली, "जा, भेटून ये."

मग आला.