दंडाची पावती तुझ्या नावानं

चि. मृत्युंजय, अनेक आशीर्वाद.

तू कॅनडाला गेलास आणि पाठोपाठ विमानतळाची नोटीस आली. तुला सोडायला आणलेली गाडी दारात ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबली, म्हणून दंड. गाडी तुझी, म्हणून नोटीसही तुलाच.

तू कॉलेजला लातूरला निघायचास, तेव्हा उदगीरच्या स्टँडवर एस.टी. वळणाआड जाईपर्यंत तुझी आई हलायची नाही. जाणाऱ्याची पाठ दिसते तोवर जागा सोडू नये, ही तिच्या माहेरची रीत. विमानतळावरही तेच. शिट्टी फुंकणाऱ्या गार्डला म्हणाली, "थांब की रे बाबा, लाल शर्ट अजून दिसायलाय."

दंड मी भरला. शेजारचा रामलिंग म्हणाला, "अप्पा, गाडी तुमच्या नावावर करून घ्या. पोरगं काय लवकर येत न्हाई." गाडी माझ्या नावावर करायच्या कागदावर तुझी सही मागायला हे पत्र लिहायला घेतलं होतं.

तेवढ्यात तुझ्या नावची दंडाची पावती घेऊन पोस्टमन आला. फाटकातून ओरडला, "मृत्युंजय महादेवप्पा हायत का?"

कणकेच्या हातांनी तुझी आई धावली. "हाव, हायत की!"

सही राहू दे, गाडी तुझ्याच नावावर असू दे. हे पत्रही पेटीत टाकत नाही.

तुझा,
अप्पा